अडकलेलं आरमार आणि मंजुळाक्का

एका राज्यात सात वर्षं दर्यायुद्ध चाललं आणि आठव्या वर्षी राजा धैर्यसेन जिंकला. हरलेला जादूगार वक्रशिख उरलेले तीन हजार खलाशी घेऊन समोरच्या बेटावर निघून गेला. जाताना त्याने मूठभर वाळू पाण्यात फेकली आणि शाप दिला, "जहाज हलणार नाही, खलाशी उतरणार नाही."

तसंच झालं. चाळीस लढाऊ जहाजं बंदराच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. नांगर ओढायला हत्ती लावले. नांगर राहिला, हत्तीच मागे घसरले. खलाशाने फळीवरून खाली पाय टाकला की तो पाय पुन्हा जहाजावरच पडे. बंदर तुंबलं, मिठाची गलबतं बाहेरच थांबली, आणि महिन्याभरात राजवाड्यातली आमटीसुद्धा अळणी झाली.

राज्यात सरखेल, म्हणजे आरमाराचे सेनापती, होते एकोणीस. युद्धात जो तो एकेक पराक्रम करून सरखेल झाला होता, आणि सगळे मुक्कामाला राजवाड्यात होते, म्हणून शापातून सुटले. त्यांतले थोरले रणधवल यांनी बेटावर हल्ल्याचा बेत मांडला. नकाशावर सगळं जमलं. फक्त जहाजं हलायला हवी होती.

आरमाराची कोठी सांभाळत होती मंजुळाक्का. सात वर्षं तांदूळ, गोडं पाणी, दोरखंड तिनेच पुरवले होते. तिचा नवरा रायाजी एका जहाजावर सुकाणू धरायचा. कोठीच्या दारातून तो धोतर वाळत घालताना दिसे. एक पाणकावळा कोठीच्या कौलांवर पंख सुकवत बसला होता. तो म्हणाला, "बाई, वक्रशिख बेटावर उपाशी आहे. उपाशी माणूस बोलतो."

कोळ्यांच्या होड्या आरमारातल्या नव्हत्या, त्यांना शाप नव्हता. मंजुळाक्का एका होडीत बसून बेटावर गेली.

वक्रशिख खडकावर बसला होता. त्याने विचारलं, "काय हवं?"

"शाप मागे घ्या."

"तीन कामं कर. पहिलं, तुमच्या राजधानीच्या चुलीवरचा भात माझ्या तीन हजारांना वाफाळता वाढ."

बेट होतं दोन कोस लांब. मंजुळाक्काने राजधानीतल्या मातीच्या चुलीच उचलून होड्यांत ठेवल्या आणि निघताना पेटवल्या. पुढच्या वर्षाच्या लढाईसाठी भरलेला तांदूळ त्यांवर शिजू लागला. होड्या किनाऱ्याला लागल्या आणि झाकणं निघाली. शत्रूचे खलाशी जेवले. काही रडले, काहींनी तिखट मागितलं.

दुसरं काम असं, की एकोणीस सरखेल एका होडीत घालून आणायचे आणि वाटेत भांडण होता कामा नये. हे ऐकून पाणकावळा उडूनच गेला. मंजुळाक्काने सरखेलांना नम्रपणे सांगितलं, की दरबारी रीतीप्रमाणे जो सगळ्यात मोठा तो शेवटी बोलतो. होडी निघाली. दोन कोस कोणी चकार शब्द काढला नाही. एकाला मधमाशी चावली, त्यानेही ओठ मिटून सोसलं.

तिसरं काम सांगताना वक्रशिखाने आपलं नाक चाचपलं. "तुमच्या विजयस्तंभावर माझी मूर्ती आहे. तिला नाक नाही. ते लाव."

हे मात्र तांदळाने होणारं नव्हतं. ते नाक राजाने स्वतःच्या हाताने फोडलं होतं. मंजुळाक्काने दरबारात सगळं सांगितलं. रणधवल म्हणाले, की नाक दिलं तर विजय कसला. राजाचा चेहरा लाल झाला.

मंजुळाक्का म्हणाली, "महाराज, युद्ध तुम्ही जिंकलात. पण माझा माणूस अजून घरी आलेला नाही."

राजाने बंदराकडे पाहिलं. प्रत्येक जहाजाच्या कठड्याला माणसं टेकली होती आणि आपापल्या घराच्या छपराकडे बघत होती. राजा उठला. त्याने पाथरवटाला बोलावलं आणि शिडी स्वतः धरली.

नाक जरा मोठं झालं. वक्रशिख होडीतून पाहायला आला, मान इकडून तिकडून वाकडी केली, आणि म्हणाला की आपलं खरं नाक इतकं ऐटदार नाही, पण चालेल. त्याने मूठभर वाळू पाण्यातून काढून किनाऱ्यावर परत ठेवली. त्याच क्षणी चाळीस नांगर आपसूक वर आले.

मग राजाने मंजुळाक्काच्या सल्ल्याने आरमाराची घडी नव्याने बसवली. दहा जहाजं पहाऱ्याला राहिली, उरलेली तीस, तोफा उतरवून, मालवाहू झाली. सरखेल एकच ठेवला. बाकीच्यांना बंदरं वाटून दिली, एकमेकांपासून पुरेशी लांब. बेटावरच्या खलाशांना कामं मिळाली. आणि पाण्याखालच्या खडकांची खडान्‌खडा माहिती एकट्या वक्रशिखाला होती, म्हणून जहाजांचा पहिला तांडा बाहेर काढायला तोच पुढे राहिला.

रायाजी घरी आला. उंबऱ्यात उभा राहून त्याने मोठ्याने हाक मारली, कारण इतकी वर्षं तो वाऱ्याच्या आवाजावर ओरडूनच बोलत आला होता. मंजुळाक्का आतून म्हणाली, "हळू बोला. आता मी इथेच आहे."

शाप सुटला, मीठ आलं, माणसं घरी आली. तशी तुमच्याआमच्या घरचीही येवोत.