माहेरचं गवत आणि बांधावरची हराळी

किती वर्षं झाली ते सांगायला आज कुणी उरलेलं नाही, इतकी जुनी ही गोष्ट. माळरानावरच्या एका राज्यात एक राणी नांदत होती. माहेर तिचं थंड डोंगरातलं. तिथं धुकं उतरायचं, आणि पायाखालचं गवत कसं, तर लोण्यासारखं मऊ.

सासरी मात्र सगळा मुरूम. तिची लेक नुकती पाऊल टाकायला लागली होती. टाकायची आणि पडायची. गुडघे सोलून निघायचे. शेवटी पोर इतकी भ्यायली, की खाली ठेवलं की आईच्या गळ्याला मिठी मारून रडायची. ही चालायला शिकणार कधी, याचा राणीला घोर लागला.

तिनं माहेराहून गवत मागवलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून, बैलगाडीत घालून ते आलं. अंगणात लावलं. थोडे दिवस डोळे निवले. मग ऊन तापलं, आणि गवत पिवळं पडू लागलं.

"पाणी वाढवा," राणी म्हणाली.

सकाळी मोट, संध्याकाळी मोट. गवत काही तगेना, आणि गावची विहीर मात्र खाली खाली जाऊ लागली.

एका संध्याकाळी राणी गवतावरून हात फिरवत बसली होती. तेव्हा गवत बोललं.

"बाई, एवढ्या लांबून आणलंस, मायेनं जपलंस. तुझे उपकार आहेत. पण हे ऊन मला सोसत नाही."

"मला तरी कुठं सोसत होतं? राहिलेच ना मी."

"तू सावलीला जाऊ शकतेस. मला कुठं जाता येतं? आणि मला घालतेस ते पाणी कुणाच्या तरी घागरीतलं आहे. या मातीचं स्वतःचं गवत कुठलं, ते तरी एकदा बघ."

सकाळी राणी स्वतः विहिरीवर गेली. पोहरा पाण्याला पोचत नव्हता, म्हणून बायका दोराला दोर बांधत होत्या. ते बघून राणीची मान खाली गेली. हळूच तिनं विचारलं, "इथं उन्हाळ्यात कुठलं गवत जगतं?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांत ठकूबाई नावाची म्हातारी होती, जिभेची जरा तिखट. ती म्हणाली, "जगणारी एकच, राणीसाहेब. हराळी. गणपतीला जुडीभर वाहतो, आणि शेतातली शिव्या देत खणतो. बांधावर वाळत टाकली, तर मेली तिथंच मूळ धरते. हराळी आणि भाऊबंदकी, कितीही खणा, संपायची नाही."

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मला द्याल?" राणी म्हणाली.

ठकूबाई तिच्याकडं बघतच राहिली. "द्यायला काय, भारे देऊ. पण अंगणाला दगडाची कड घाला. शेतात शिरली तर तुमच्या नावानं बोटं मोडीन."

राणीनं त्याच दिवशी मोट थांबवली. माहेरच्या गवताचं जेवढं हिरवं उरलं होतं, तेवढं हात जोडून डोंगराकडं परत धाडलं. बायकांनी बांधावरची हराळी आणून लावली. तिला पाणी मिळालं ते फक्त भांडी विसळलेलं. तेवढ्यावर ती पसरली.

माहेरच्याइतकी मऊ ती नव्हती. जराशी टोचायची. राणीनं लेकीला तिच्यावर सोडलं. पोरीनं तोंड वाकडं केलं, मग तळव्यांना गुदगुल्या झाल्या तशी हसली. उठली, पडली, पण गुडघा काही फुटला नाही. पुन्हा उठली, आणि चालत चालत थेट, बघायला आलेल्या ठकूबाईच्या लुगड्याला जाऊन बिलगली.

राणीनं वाकून हराळीला नमस्कार केला, मग ठकूबाईला. विहिरीला पाणी चढलं, तेव्हा तिनं गावातल्या बायकांच्या ओट्या भरल्या.

तेव्हापासून त्या गावात हराळी खणायच्या आधी बायका तिला हात जोडू लागल्या. खणायच्या मात्र पहिल्यासारखीच.

तात्पर्य: ज्या मातीत राहायचं, तिनं दिलेलं आधी ओळखावं आणि तिचे उपकार मानावेत.