प्रल्हाद कासाराची मोटारसायकल

घाटाखालच्या कुंभेरी गावात प्रल्हाद नावाचा एक कासार राहत होता. उंची सहा फूट, वजन एकशे अठरा किलो. नवखा माणूस त्याला बघून विचारायचा, "कुठल्या तालमीतले?" प्रल्हाद मान खाली घालून सांगायचा, "मी बांगड्या भरतो."

पण त्या भल्यामोठ्या हातांत भारी हळुवारपणा होता. बाईचा हात हातात घेऊन अंगठ्याखाली जरा दाबून बघितलं, की त्याला माप कळायचं. काच कधी करकचायची नाही, कातडी कधी सोलायची नाही. घाटावरच्या सात वाड्यांतल्या बाया त्याला मामा म्हणायच्या. त्यातल्या काही वयाने त्याच्या आईएवढ्या होत्या, पण कासार म्हणजे मामाच.

या सात वाड्यांची फेरी त्याच्या वडिलांनी बसवली होती. सकाळच्या एसटीने वर जायचं, वाडी-वाडीने हिंडायचं, दुपारच्या एसटीने उतरायचं. एका वर्षी ती एसटी बंद झाली. बांगड्यांच्या दोन पेट्या खांद्याला लावून प्रल्हाद दोनदा घाट चढला आणि दोन्ही वेळा आठवडाभर गुडघे शेकत बसला.

तेवढ्यात टेंभूरवाडीच्या साखरबाईचा निरोप आला. मुलीचं लग्न ठरलं होतं, दोन महिन्यांनी. साखरबाईने कळवलं होतं, की माझा चुडा तुमच्या वडिलांनी भरला, लेकीचा तुम्ही भरावा असं मनात आहे. पण येणं जमणार नसेल तर तसं सांगा, आम्ही तालुक्याच्या दुकानातून आणू.

प्रल्हादला त्या रात्री जेवण गेलं नाही. एक वाडी दुकानात गेली की बाकीच्या सहा तिच्या मागून जाणार, हे त्याला ठाऊक होतं. आता मोटारसायकल घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

अडचण एवढीच, की त्याने जन्मात कधी दुचाकी चालवली नव्हती. लहानपणी सायकलसुद्धा कोणी हातात दिली नव्हती, रिंग वाकेल म्हणून.

म्हणून त्याने आधी बघायला सुरुवात केली. आठवडी बाजारात गिऱ्हाईक नसलं, की तो उभ्या गाड्या न्याहाळत बसायचा. माणूस चढताना कोणता पाय आधी टाकतो? थांबताना कोणता टेकवतो? उंच माणसाचे गुडघे कुठे जातात? बघावं तितकं नवल वाढत होतं. आणि दिसेल त्याला तो विचारायचा, "माझ्यासारख्याने कोणती गाडी घ्यावी?"

चहावाला म्हणाला, मोठी. शिंपी म्हणाला, सगळ्यात मोठी. शाळेचे मास्तर म्हणाले, देहाला शोभेल अशी घ्यावी. आणि जो तो शेवटी काळजीने विचारायचा, "तू बसल्यावर तिला पेलेल ना?" काळजी सगळ्यांना गाडीची होती.

प्रल्हादच्या बहिणीचे यजमान सुधाकरराव, म्हणजे त्याचे भावजी, यांच्याकडे एक अवजड गाडी होती. ती सुरू झाली, की शेजारच्या गावातली कुत्री भुंकायची. भावजींनी एका वाक्यात निकाल दिला. "लहान गाडीवर बसलास तर शेळीवर रेडा बसल्यासारखा दिसशील."

ते त्याला तालुक्याच्या शोरूममध्ये घेऊन गेले. भावजींसारखीच गाडी तिथे मधोमध उभी होती, काळी, चकाकती. प्रल्हाद बिचकत वर बसला. समोरच्या काचेत त्याला स्वतःचं रूप दिसलं. शोरूमचा मालक दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "तुम्ही बसलात आणि गाडीला रूप आलं बघा."

प्रल्हादचे कान लाल झाले. आजवर त्याने ऐकलं होतं ते असं: एसटीत, "जरा सरकून घ्या", लग्नात, "खुर्ची बघून बसा, मामा." त्याचा देह कशाला तरी शोभतो, असं पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. त्याने मनातल्या मनात ती गाडी घेऊन टाकली.

भावजी म्हणाले, आधी माझ्या गाडीवर शीक, परवाना काढ, मग तुझी घे. शाळेच्या मैदानावर ते त्याला रोज शिकवायचे. मैदान सपाट, रुंद आणि मोकळं. गाडी सरळ छान धावायची. वळायचं झालं, तर केवढा तरी मोठा वळसा घ्यायला जागा होती. महिन्याभराने परवाना हातात आला.

मग एके दिवशी भावजींची गाडी घेऊन, मागे एक पेटी बांधून, तो साखरबाईला चुड्याचे नमुने दाखवायला निघाला. घाटाचा रुंद डांबरी रस्ता सुखाचा गेला. टेंभूरवाडीत शिरला तेव्हा पोरं गाडीमागे धावली, आणि प्रल्हादने चक्क मान वर करून गाडी चालवली.

साखरबाईच्या घराची गल्ली मात्र चिंचोळी होती, चढाची, वर बारीक खडी पसरलेली. घर मागे राहून गेलं होतं. गाडी वळवायला हवी होती. अर्धी वळली आणि थांबली. प्रल्हादने पाय टेकवला, तो खडीवरून सरकला. गाडी सावकाश कलू लागली. इतकी सावकाश, की तिला थांबवता येईल असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं. पण तिने त्याला ओढून नेलं आणि दोघेही आडवे झाले. पेटीतून खळ्ळकन आवाज आला.

बाया धावून आल्या. पेटी उघडली. सहा डझन हिरव्या काचेचा चुरा. कोणी 'फुटल्या' म्हणालं नाही. लग्नघरात तो शब्द उच्चारत नाहीत. एक आजी हळूच म्हणाली, "वाढवल्या गं बाई." कट्ट्यावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "आन गाडीबी वाढवलीस का रं?"

सगळे हसले. प्रल्हाद गाडी उचलायला वाकला. गाडी हलेना. शेवटी चार बायांनी हात लावला तेव्हा ती उभी राहिली. त्याला वाटलं, उतारावरून तसंच खाली निघून जावं आणि पुन्हा या वाडीत तोंड दाखवू नये. साखरबाईचा चेहरा पडला होता. तालुक्याचं दुकान तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या वरच्या अंगाने सारजाक्का आली. ही वाडीचं दूध डेअरीला पोचवणारी बाई. अंगाने प्रल्हादहून फार कमी नव्हती. तिची गाडी मात्र लहानशी, जुनी, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले. गर्दी बघून ती थांबली, त्याच खडीवर गाडी वळवली आणि आपल्या दारात लावली. जसं काही कूस बदलावी.

प्रल्हादला शरम वाटत होती, पण नवल त्याहून जास्त वाटलं. तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आक्का, एक विचारू?"

"इचार की. पडल्यावर तरी सुचलं."

"एवढीशी गाडी. तुम्ही, त्यात चार कॅन. हिला पेलतं कसं?"

सारजाक्काने कॅनचा हूक सोडवला. "गाडीचं काय घिऊन बसलास? तिला किती पेलतं ते तिच्या कागदात लिवल्यालं असतंय. तू मला सांग, तुला ती पेलती का?"

प्रल्हाद आठवू लागला. महिनाभरात त्याने चाळीस जणांना विचारलं असेल. पेलणं हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, पण त्यात ओझं नेहमी प्रल्हादच होता. एवढा मोठा माणूस, त्यालाही काही जड जात असेल, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही नाही. लोकांनी त्याचा देह बघितला होता. त्या देहाने आयुष्यभर काच उचलली होती, हे लोक विसरले होते, आणि तोही.

सारजाक्काने त्याला आपली गाडी फिरवून बघायला दिली. ती हाताला हलकी होती, पण गुडघे हँडलला लागत होते आणि दगडावर मागचं चाक गेलं, की माकडहाडाला दणका बसत होता. ती म्हणाली, "ही तुझी नव्हं. पर असं बसून, ढकलून, वळवून बघ. निस्तं बघून काय कळतंय?"

जाताना प्रल्हाद साखरबाईला म्हणाला, "ताई, मला आठ दिवस द्या. नाही जमलं, तर मीच तुम्हाला दुकानाचं नाव सांगेन." साखरबाईने होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो शोरूममध्ये गेला. भावजी हार आणि नारळ घेऊनच आले होते. प्रल्हाद मालकाला म्हणाला, "ती काळी गाडी बाहेरच्या उतारावर लावता का? इंजीन बंदच ठेवा. मी ढकलून वळवून बघतो."

मालक हसला. रस्त्यावरचे दहा-पंधरा लोक जमले. भावजी त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "अरे, गाडी चालवून बघतात, ढकलून नाही. लोक हसतायत."

प्रल्हादच्या मानेवरून घाम ओघळत होता. चार माणसं बघायला लागली, की तो मान खाली घालायचा. पण या वेळी तो बोलला. "भावजी, बांगडी राहते मनगटावर, पण अडते मुठीत. म्हणून आम्ही माप मुठीचं घेतो. गाडी पळते रस्त्यावर, पण पडते वळताना नि थांबताना. माप तिथलं घेऊ द्या."

भावजींनी नारळ पिशवीत ठेवला.

काळी गाडी अर्धी वळली आणि मागे घसरू लागली. शोरूमच्या दोन माणसांनी ती धरली. प्रल्हादने ती नीट स्टँडवर लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही मला पेलत नाही."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "जेवण कमी पडतंय का, पैलवान?" प्रल्हाद स्वतःही हसला. नवल असं, की हे वाक्य बोलल्यावर काहीच झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. उलट शोरूमचे जुने मिस्त्री रज्जाकचाचा कामावरून उठून पुढे आले आणि आपण होऊन एकेक गाडी उतारावर लावू लागले.

सगळ्यात लहान गाडीवर पुन्हा गुडघे अडले. एक गाडी हलकी होती, पण सीट इतकी उंच, की उतारावर एकच पाय जमिनीला पोचत होता. चौथी करड्या रंगाची, साधी, सरळ लांब सीटची. तिच्याकडे आजवर त्याने नजरही टाकली नव्हती. तिच्यावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि गुडघे मोकळे राहिले. उतारावर ती त्याने एकट्याने वळवली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

चाचांनी त्याच जातीची एक जुनी गाडी पोत्यांवर आडवी केली आणि उचलायची रीत दाखवली. गाडीकडे पाठ करून बसायचं, कंबर सीटला लावायची, हँडल धरून पायांच्या जोराने उठायचं. प्रल्हाद तसा उठला आणि त्याच्याबरोबर गाडीही उठली. मग चाचांनी पुस्तिका काढून गाडीला किती ओझं चालतं ते वाचलं. प्रल्हाद आणि दोन पेट्या मिळूनही थोडी जागा उरत होती. त्यांनी मागचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, दोन खाचा कडक केले, ओझ्याच्या मापाने हवा भरली आणि बजावलं, "मागे माणूस मात्र बसवू नका. पेट्या बसल्या, माणूस नाही."

गाडीला हार घालताना भावजी पुटपुटले, "दिसायला अगदीच साधी आहे." प्रल्हाद म्हणाला, "हो."

नंतर रोज पहाटे तो गावाबाहेरच्या खडीच्या चढावर नुसता थांबायला आणि वळायला शिकला. आठव्या दिवशी तो टेंभूरवाडीत नमुने घेऊन पोचला. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दोन पेट्या बांधून चुडा भरायला निघाला.

साखरबाईच्या गल्लीत वळताना नेमका शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी थांबली, कलली. प्रल्हादने पाय रोवला आणि तिला सरळ केलं. शेळ्या गेल्या, तोही गेला. कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्याला जरासं वाईट वाटलं.

अंगणात नवरीचा हात त्याने हातात घेतला, अंगठ्याखाली दाबून पाहिला आणि एकेक हिरवी बांगडी चढवली. एकही कुरकुरली नाही, एकही वाढली नाही. साखरबाईने पदर डोळ्यांना लावला आणि स्वतःचा हात पुढे केला. मग शेजारणी बसल्या. मग लग्नाला आलेल्या दुसऱ्या वाड्यांतल्या बाया. आणि जी ती हात देता देता विचारत होती, "मामा, आमच्या वाडीला कोणत्या वारी येणार?"

प्रल्हादने सातही वाड्यांचे वार सांगितले.

तात्पर्य: आपल्याला शोभेल काय, ते चारचौघांना विचारावं, पेलेल काय, ते मात्र स्वतः उचलून बघावं.