हत्तीला लागलेला हात

"पण पंचांनी विचारलं तेव्हा ‘चुकून लागला’ एवढंच म्हणायचंत ना, सर! का नाही म्हणालात?"

शार्दूलने आणलेला पेढ्यांचा पुडा मिरजेच्या मुजावर सरांनी न उघडताच खिडकीत ठेवला. कंपवाताने हात असा हलत होता की पुड्याचा कागद वाजत राहिला.

रविवारी बुद्धिबळाच्या जिल्हा निवड स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत गुरू आणि शिष्य समोरासमोर आले होते. शार्दूल हरत चालला होता. सर उंट उचलायला गेले आणि बोटं शेजारच्या हत्तीला लागली. शार्दूलने घड्याळ थांबवलं, पंचांना हाक मारली.

हात लागला की तीच सोंगटी चालवायची. चुकून लागला तर माफ. पंचांनी सरांना विचारलं, आणि सर म्हणाले, "चुकून नाही." त्यांनी हत्ती चालवला. आठ चालींत डाव गेला. सतरा वर्षांच्या शार्दूलचं नाव जिल्ह्याच्या संघात लागलं.

"नियमानं मी बरोबर होतो ना?"

"मला काय विचारतोस? पंचांना बोलाव. का चहाला गेलेत आज?"

"थट्टा नको, सर. तीन दिवस पटाकडे बघवत नाही. उद्या संघाबरोबर पुण्याला निघायचंय... तुम्ही एकदा ‘बरोबर होतास’ म्हणा, मग जातो."

"पट मांड."

कुठला डाव, हे शार्दूलने विचारलं नाही. रविवारचाच मांडला.

सरांनी हात पुढे केला, तसा शार्दूल चमकला. गेली दोन वर्षं या घरात सर नुसती चाल सांगत. त्यांच्या सोंगट्याही शार्दूलच हलवी.

बोटं भरकटली. हत्ती आडवा झाला, उंट घरंगळत पटाखाली गेला, दोन प्यादी कलंडली.

शार्दूल सवयीने वाकला. प्यादी उभी केली, हत्ती जागच्या जागी ठेवला. उंट मात्र तीन घरं तिरका पुढे नेऊन वजिरासमोर ठेवला.

"मी चाल कुठं सांगितली?"

"सांगायची कशाला, सर? तुम्हाला उंटच चालवायचा होता. दिसतच होतं की..."

बोलता बोलता त्याची नजर हत्तीवर गेली.

...

सर म्हणाले,

"पंचांनी चुकीच्या माणसाला विचारलं."