गुहेत येणारं ऊन

"आता कशी वाटते गुहा, बाबा?"

दौलतगिरी गोसावी चातुर्मास नदीकाठच्या मठात काढून नुकतेच डोंगरावर परतले होते. खांद्यावरची झोळीही अजून उतरवली नव्हती. पण सुमंतला धीर कुठला! वाईला शास्त्र शिकून आलेला हा त्यांचा शिष्य स्वच्छतेचा भारी भोक्ता. गुरूंच्या मागे त्याने गुहेचा पार कायापालट करून टाकला होता.

"वास गेला," दौलतगिरी म्हणाले.

"वास, घाण, सगळंच! संध्याकाळी वटवाघळं किडे खायला बाहेर पडली, की आत धूर केला आणि वरच्या भगदाडाला जाळी ठोकली. त्यांच्या लेंड्यांचा थर खरवडून दरीत लोटला."

भिंतीला हात लावत दौलतगिरी आत गेले. जिथे उजेड पोचत नाही, तिथल्या कुंडापाशी. सुमंत कंदील घेऊन मागोमाग निघाला.

म्हाताऱ्याने काठावर बसून बोटं पाण्यात सोडली. पूर्वी असं केलं की फिकट रंगाचे छोटे मासे येऊन बोटांना लुचायचे...

कोणी आलं नाही.

"पाणी किती नितळ झालंय, बघा ना," सुमंत म्हणाला. पण आवाजातला जोर ओसरला होता.

"हो. ढवळायला कोणी उरलंच नाही."

"मी माशांना हातही लावला नाही, बाबा!"

"ते काय खायचे?"

"काठावरचे रातकिडे. पाण्यात पडायचे ते."

"आणि रातकिडे?"

"लेंड्यांच्या थरावर..." सुमंतने कंदील खाली धरला. कंदिलाच्या उजेडात खरवडलेली जमीन लख्ख दिसत होती. तिच्यावर साधी मुंगी नव्हती.

"इथे ऊन येत होतं रे," दौलतगिरी हळूच म्हणाले. "बाहेर गवतावर पडलेलं ऊन. गवतातून किड्यांत, किड्यांतून वटवाघळांच्या पोटात... रोज पहाटे आत यायचं."

त्यांनी वर छताकडे पाहिलं.

"पिल्लं होती?"

सुमंत कंदिलाची वात सारखी करू लागला.

"सुमंत."

"होती," तो खाली बघत म्हणाला. "छताला चिकटलेली. आया बाहेर राहिल्या. मला वाटलं, जातील कुठेतरी..."

त्याच दिवशी त्याने जाळी उपटून काढली. हात रक्ताळले, तरी थांबला नाही. कुंडात भात टाकून पाहिला. तो नुसता आंबला. मग रोज दिवेलागणीला तो जप सोडून कुंडापाशी जाऊन बसू लागला, वर भगदाडाकडे बघत. दौलतगिरींनी त्याला एका शब्दानेही दुखावलं नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

थंडी सरली. फाल्गुनातल्या एका संध्याकाळी एक वटवाघूळ आत शिरलं. छताखाली त्याने एक घिरटी घेतली, कुंडावरून गेलं आणि आल्या वाटेने निघून गेलं.

सुमंत धावतच धुनीपाशी आला. डोळे भरून आले होते.

"बाबा, आलं होतं! पण थांबलं नाही. का नाही थांबलं?"

"त्याने हाक मारली. तू ओ दिलीस?"

"हाक?... मला तर ऐकू आली नाही."

दौलतगिरींनी धुनीतलं लाकूड पुढे सरकवलं.

"पिल्लं ओरडत होती, तेव्हाही आली नव्हती."