नगररक्षकाला पाजलेले पाणी

कंकणपुरात राजा अरिंदम राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव सुव्रत. त्याच नगरात नंदिसेन नावाचा नगररक्षक होता. जगात कोणी कोणासाठी काही करीत नाही, असे तो चारचौघांत सांगे. देणारा पुण्याच्या लोभाने देतो, आई म्हातारपणाच्या आधारासाठी मुलाला वाढवते, हे त्याचे ठाम मत होते.

एका उन्हाळ्यात नगरात फोडांची साथ आली. ज्याच्या अंगावर फोड दिसेल त्याला वेशीबाहेर काढावे, अशी राजाची आज्ञा सुटली. नंदिसेनाने ती कसोशीने पाळली. सुव्रतांची पत्नी केतकी हिलाही त्याने उन्हात बाहेर काढले.

"ऊन उतरेपर्यंत तरी थांबा," सुव्रतांनी हात जोडले.

"आज्ञा सर्वांना सारखी," नंदिसेन म्हणाला. "तुला जायचे तर जा, वैद्या. दार पुन्हा उघडणार नाही."

सुव्रत तिच्यामागे गेले. माळावर झाडाची सावली गाठण्याआधीच केतकीने प्राण सोडला. तिला पुरून सुव्रत तिथेच राहिले आणि रोग्यांची शुश्रूषा करू लागले.

पुढे नंदिसेनाच्या छातीवरच फोड उठले. त्याच्याच शिपायांनी त्याला भाल्याच्या दांड्याने ढकलत वेशीबाहेर घातले. माळावर दुर्गंधी होती, माश्या होत्या, कण्हणे होते. तो तापाने पडला. डोळे उघडले तेव्हा तोंडाशी पाण्याचे मडके होते आणि ते सुव्रतांच्या हातात होते.

आता हा सूड घेणार, असे नंदिसेनाला वाटले. तहान इतकी होती की तो तरीही प्यायला. काहीच झाले नाही. सुव्रतांनी त्याचे फोड धुतले, कडुलिंबाचा पाला अंथरला आणि ते पुढच्या रोग्याकडे गेले. असेच रोज चालले. नंदिसेन पडल्या पडल्या त्यांच्यावर नजर ठेवून होता. यांचा लाभ कोणता, ते त्याला शोधायचे होते. स्तुती म्हणावी, तर माळावरचे लोक त्यांना शिव्या घालीत. बायको गेली म्हणून हा आपल्यालाही मरू देतो, अशी कुजबुज उठली होती. एका बाईने मेलेले मूल मांडीवर घेऊन त्यांच्यावर दगड फेकला. कपाळ फुटले. त्यांनी रक्त पुसले आणि तिच्याजवळ पाणी ठेवले.

अखेर नंदिसेनाला राहवले नाही. "वैद्या, खरे सांग. मला जगवून तू स्वतःच्या नजरेत मोठा होतोस. हाच तुझा लाभ ना?"

"असेलही," सुव्रत म्हणाले. "पहिल्या दिवशी तुम्हाला पाणी दिले, तेव्हा ते विष असते तर बरे, असे माझ्या मनात आले होते. हात थरथरत होता. आधी मन निर्मळ करीन, मग पाणी देईन, असे म्हटले असते, तर तोवर तुम्ही मेला असता."

नंदिसेनाने तोंड फिरवले. त्यानंतर त्याने हा प्रश्न विचारला नाही.

त्याच्या खपल्या पडल्या. बऱ्या झालेल्यांसाठी पहाटे वेस थोडा वेळ उघडावी, असा नवा हुकूम आला होता. ज्या दिवशी तो निघाला, त्याच दिवशी सुव्रत तापाने कोसळले. दाराशी पोचेपर्यंत नंदिसेनाला त्यांचे मागणे ऐकू येत होते, "पाणी." आसपासचे रोगी उठले नाहीत. ज्यांना उठता येत होते, तेही उठले नाहीत.

शिपाई ओरडला, "नायक, लवकर आत या!"

नंदिसेन उभा राहिला. मग शिवी हासडून मागे वळला. त्याच्या पाठीमागे दार बंद झाले.

विहिरीवरून पाणी आणून त्याने सुव्रतांचे डोके मांडीवर घेतले. "ऐका," तो रडवेल्या रागाने म्हणाला, "मी दयेने आलो नाही. आत गेलो असतो तर जन्मभर तुमचा आवाज कानात राहिला असता. त्या भीतीने आलो. हा माझा स्वार्थच आहे."

सुव्रत घोटभर प्यायले.

"पाणी थंड आहे," ते म्हणाले.

दुपार व्हायच्या आत ते गेले. नंदिसेनाने त्यांना केतकीशेजारी पुरले. माळावर अजून माणसे कण्हत होती. त्याने मडके उचलले. साथ पावसाळ्यापर्यंत हटली नाही. लोकांनी त्यालाही दगड मारले. आपण हे का करतो, याचे उत्तर त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. निःस्वार्थ दया जगात असते का, असे विचारणारा भिक्षू समोर मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे पाहून ते म्हणाले, "भिक्षूहो, तेव्हाचा नंदिसेन म्हणजे हा भिक्षू. केतकी म्हणजे तिकडे दाराशी बसलेली वृद्ध भिक्षुणी. सुव्रत वैद्य मीच होतो, आणि माझा हात थरथरत होता, हेही खरे आहे. वैऱ्यालाही तहान लागते, एवढे हात थरथरत असतानाही ज्याला विसरता येत नाही, त्याच्या ठायी मैत्री, म्हणजे सर्व जीवांविषयीची माया, आहे असे जाणा."