आमराईची अब्रू

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी. तेव्हा गलबतं वाऱ्यावर चालत आणि आंबे आपापल्या वेळेवर पिकत.

समुद्रकाठच्या एका गावात जैतूनबी नावाची बाई राहायची. तिची आमराई दूरदूरच्या बंदरांत नावाजलेली होती. उन्हाळ्यात रमजान आला, की खजुरापाठोपाठ तिच्याच आंब्याची फोड गावाच्या तोंडी पडायची. रोजेदारांकडून तिने कधी दाम घेतला नाही.

एका वर्षी मोहोर उशिरा आला. रमजान सरत आला, तरी पेंढ्याच्या अढीतले आंबे हिरवेच. तेवढ्यात निरोप आला, की सुभेदार स्वतः गावात येऊन रोजा सोडणार.

जैतूनबीचा तरुण मुलगा इलियास कासावीस झाला. "सुभेदारापुढे रिकामी पाटी ठेवायची?" तो म्हणाला.

"पाटी रिकामी राहिली तर राहू दे," आई म्हणाली. "आंब्याला घाई कळत नाही."

इलियासला ते पटलं नाही. एका परदेशी व्यापाऱ्याकडून त्याने फळं रातोरात पिवळी करणारे राखाडी खडे आणले आणि आईला न सांगता, ओलसर करून अढीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या अंगणात त्याने सुभेदारापुढे पाटी उघडली. सगळे आंबे पिवळेधमक! लोक वाहवा करू लागले. जैतूनबीने मात्र एक आंबा नाकाशी नेला. आंब्याचा दरवळ नाहीच, उलट लसणासारखा उग्र दर्प. तिने तो चिरला. साल पिकलेली, कोयीपाशी गर पांढरा आणि टणक. मग तिची नजर मुलाच्या हातांवर गेली. बोटांवर लाल फोड आले होते.

तिला सगळं उमगलं. अजान व्हायला थोडाच वेळ होता. ती उभी राहिली.

"भावांनो, बहिणींनो, हे आंबे कुणी तोंडाला लावू नका. माझ्याच घरचे आहेत, म्हणून मीच सांगते. हे पिकलेले नाहीत, औषध घालून पिवळे केलेत."

इलियासचा चेहरा उतरला. "अम्मा, आंबे आपल्याच बागेतले आहेत. चोरीचे नाहीत. हलाल आहेत!"

"हलाल आहेत, बाळा. पण तय्यब आहेत का? निर्मळ आहेत का? आपल्याला धर्माने दोन्ही सांगितलंय. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाच्या पोटात तू विष घालणार होतास."

"चारचौघांत आपलीच अब्रू घालवलीस तू!" इलियास संतापला. अजान होताच त्याने आईचा हात झिडकारला आणि दोन आंबे घशाखाली ढकलले. "बघा! काय झालं मला?"

नमाज आटोपते न आटोपते तोच त्याच्या घशात आग पेटली. पोटात कळा उठल्या, उलट्या थांबेनात. हकीम धावत आले. त्यांनी त्याला सावरलं आणि म्हणाले, "हा तरणाबांड गडी, म्हणून निभावलं. लेकरांनी आणि म्हाताऱ्यांनी खाल्ले असते तर?"

इलियास रडू लागला. "अम्मा, मला फक्त आपलं नाव राखायचं होतं."

"नाव असं राहत नाही रे," ती म्हणाली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

सुभेदार हे सारं पाहत होता. तो उठून जैतूनबीपुढे अदबीने झुकला. "मी पुष्कळ मेजवान्या जेवलो. पण आजच्या खजुराची आणि पाण्याची सर कशालाच नव्हती. पोटच्या पोराच्या अब्रूपेक्षा परक्यांचा जीव जपणारी आई माझ्या मुलखात आहे!"

इलियास बरा झाला. त्याने ते आंबे खोल खड्ड्यात पुरले. ईद झाली, आणि मग झाडांवर पाड लागला. अढीतून गोड दरवळ सुटला, तेव्हा इलियासने स्वतः घरोघर आंबे पोहोचवले आणि प्रत्येक दारात माफी मागितली.

पुढे तो बाजारात बसू लागला. गिऱ्हाईक आलं, की आधी एक आंबा चिरून दाखवायचा. "रंगावर जाऊ नका, आत बघा," म्हणायचा. आंबे कच्चे असले, तर लोकांना परत पाठवायचा. लोक परत जात, आणि पुन्हा त्याच्याकडेच येत.

एकदा एका परगावच्या म्हाताऱ्याने विचारलं, "एवढा सच्चा मुलगा कुणाचा हो?"

शेजारी बसलेली जैतूनबी ताठ मानेने म्हणाली, "माझा."

तात्पर्य: अन्न हक्काचं असावं तसंच निर्मळही असावं, दुसऱ्याच्या ताटात विष वाढून कुणाचीही अब्रू राहत नाही.