म्हशीचा न वाहणारा खड्डा

डोंगराच्या उतारावरील एका रानात एक म्हैस आपल्या रेडकासह राहत असे. तिला आपल्या टापटिपीचा मोठा अभिमान होता. निवाऱ्यातले शेणमूत ती रोज मागच्या मुरमाड खड्ड्यात लोटत असे. कितीही पाऊस पडला तरी तो खड्डा कधी भरून वाहत नसे. "बघा, एक थेंब बाहेर नाही!" असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मग आतले पाणी जाते कुठे, हे तिने कधी स्वतःला विचारले नाही. मुलांनो, शेजाऱ्यांनीही विचारले नाही, हेही सांगायला हवे. उताराच्या तळाशी ओढ्याच्या वाळूत एक झरा होता. सगळे प्राणी तिथेच पाणी पीत.

एके वर्षी झऱ्याचे पाणी दिसायला नितळ असूनही पिणाऱ्यांची पोटे दुखू लागली. हरिणीचे पाडस तर उठेनासे झाले. सगळे झऱ्यापाशी जमले असताना चिखलाने माखलेले रानडुक्कर तिथे आले. म्हैस फणकारली, "हा बघा पाणी नासवणारा!"

"मावशी, मी लोळतो ते डबकं झऱ्याच्या खाली आहे. पाणी कधी चढ चढतं का?"

"मला शिकवतोस? आधी अंग धुऊन ये!"

सगळे खो खो हसले. त्या हसण्यातच रानडुकराला डोंगरापलीकडे हाकलून देण्यात आले.

पाडसाचे दुखणे मात्र वाढतच गेले. हरिणी रडू लागली तेव्हा म्हैस म्हणाली, "रडू नकोस गं. त्या डुकराने हा झरा बाटवला. मी वरच्या अंगाला नवा उकरून देते." तिने शिंगांनी जमीन उकरली. पाणी लागले, पण त्याला वास येत होता. ती आणखी वर सरकली, वास वाढला. शेवटी स्वतःच्याच खड्ड्याच्या खालच्या कडेशी शिंग रुतवताच तपकिरी पाणी वर आले. तिचे रेडकू ते हुंगून मागे सरले. बघायला जमलेल्यांतल्या खारीने हळूच विचारले, "मावशी, अजून वर उकरायचं का?"

म्हैस तशीच डोंगर ओलांडून रानडुकराकडे गेली. त्याच्यासमोर ती रडू लागली. रानडुक्कर म्हणाले, "आधी पाडसाला इथल्या झऱ्यावर आण, मावशी. रडायचं मग बघू."

पाडस वाचले. म्हशीने जुना खड्डा उपसला. ओढ्यापासून लांब, चिकणमाती तुडवून तिने नवा खड्डा केला आणि त्यावर पावसाला आडोसा घातला. पण जमिनीत मुरलेले काही परत काढता येईना. जुना झरा कित्येक पावसाळे पिण्याजोगा झाला नाही. त्याच्याजवळून जाताना म्हशीची मान आपोआप खाली जाई. रानडुक्कर तिला अजूनही 'मावशी' म्हणे आणि तेच तिला सर्वांत जास्त लागे.

तात्पर्य : नजरेआड केलेली घाण नाहीशी होत नाही, ती जमिनीतून शेजाऱ्याच्या पाण्यात उतरते, म्हणून दुसऱ्याच्या अंगावरचा चिखल दाखवण्याआधी आपला खड्डा कुठे पाझरतो ते पाहावे.